कशानं गेली, विचारणारी कुसुमताई

कोणाच्या घरी माणूस गेलं की आपण जाऊन बसतो. थोडा वेळ गप्प राहतो, "वाईट झालं" म्हणतो आणि उठतो. कुसुमताई महाजन उठायच्या आधी विचारायची, "कशानं गेल्या?"

"वय झालं होतं, मॅडम."

"ते झालंच असणार. पण कशानं?"

"असंच, पोट दुखायचं."

"पोटात कुठं? वर का खाली? जेवण जायचं का?"

बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. मी बाजूला बसून तिचा पदर ओढायचे. तिला काही फरक पडायचा नाही. वर्गात मुलीनं अर्धं उत्तर दिलं की ती जशी थांबून राहायची, तशीच तिथे थांबून राहायची. आमच्या शाळेत तिला मागून "कशानंवाली मॅडम" म्हणत. हे तिला ठाऊक होतं.

एकदा इतवारा पेठेतल्या एका कपडेवाल्यांच्या घरी असंच झालं. त्यांची आई गेली होती. कुसुमताईनं विचारलं, आणि मोठा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडमजी, यह पूछने की बात है क्या?" आम्ही उठून आलो. आठवड्याभरात त्याच घरची सून शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. सासूच्या छातीत गाठ होती, तिनं ती शेवटपर्यंत लपवली, आणि आता तशीच गाठ नणंदेला आहे, ती पण लपवते आहे, असं तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. कुसुमताई स्वतः नणंदेला घेऊन दवाखान्यात गेली. ऑपरेशन झालं, बाई वाचली. पण ते घर कुसुमताईशी पुन्हा बोललं नाही. लपवलेली गोष्ट तिनं बाहेर काढली, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

आम्ही दोघी शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी शिक्षिका म्हणून एकाच वर्षी मुलींच्या हिंदी शाळेत लागलो. ती जीवशास्त्र शिकवायची, मी हिंदी. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. पण अहो-जाहो तिनं पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावलं. "वंदना, आपल्याला वर्षानुवर्षं एका बाकावर बसायचंय. इतका मान रोज झेपणार नाही मला."

ती मूळची जसोंडी या जवळच्या खेड्यातली. घरी केळीची शेती. बारावीत असताना तिची आई गेली. धाकटा भाऊ भास्कर तेव्हा सात-आठ वर्षांचा. ताईनं चूल हातात घेतली, भावाला मोठं केलं, मध्येच कॉलेज केलं, नोकरी धरली, आणि लग्नाबद्दल कोणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं." बाजारातून जिरं आणायचं राहून जावं तसं. नोकरीसाठी ती शहरातल्या राजपुरा भागात दोन खोल्या घेऊन राहायची आणि सायकलवर शाळेत यायची. पन्नाशीला आली तरी सायकल सुटली नव्हती.

आई कशानं गेली, हे तिला कधीच कळलं नव्हतं. "पोट फुगलं आणि गेली," एवढंच. कोणी म्हणे पाणी झालं, कोणी म्हणे करणी. आईच्या मावशीचंही तसंच झालं होतं म्हणे. मला एकदा ती म्हणाली, "वंदना, मी एवढं जीवशास्त्र शिकले, आणि माझ्या आईच्या आजाराचं नाव मला सांगता येत नाही."

मग आमची संविलियनची वर्षं आली. शिक्षाकर्मी म्हणून लागलेल्या आम्हा लोकांना शिक्षण खात्यात कायमचं सामावून घ्यायचं, अशी ती मागणी. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. निवेदनं, धरणं, भोपाळच्या फेऱ्या. त्याच वर्षांत कुसुमताईला भूक लागेनाशी झाली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. कंबरेला साडी घट्ट होऊ लागली. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, मग ॲसिडिटीच्या, मग म्हणाले या वयात बायांना असं होतंच. काही महिने गेल्यावर ती स्वतःच सोनोग्राफीला जाऊन बसली. रिपोर्ट तिनं तिथेच, बाहेरच्या बाकड्यावर वाचला. मी शेजारी होते.

"ओव्हरी," ती म्हणाली. कागद पिशवीत घालत म्हणाली, "म्हणजे आईचंही हेच असणार."

तिच्या आवाजात त्या वेळी भीती नव्हती. ती नंतर आली, इंदूरच्या बसमध्ये, असीरगडच्या चढावर. तिनं माझा हात धरला तो सनावद येईपर्यंत सोडला नाही.

इंदूरला मोठं ऑपरेशन झालं. मग किमो. केस गेले. तिनं ना टोप घेतला ना स्कार्फ. त्याच दिवसांत आंदोलनातल्या काही अध्यापक बायांनी भोपाळला निषेध म्हणून मुंडण केलं होतं. आम्ही दोघी कामासाठी शिक्षण कार्यालयात गेलो, तर तिथला बाबू तिच्या डोक्याकडे बघून आदरानं उठून उभा राहिला. "मॅडम, आप भी भोपाल गई थीं?"

"नहीं भैया," कुसुमताई म्हणाली, "मेरा घर बैठे हो गया."

त्याला कळलं नाही. तो हसला. तीही हसली. मला मात्र बाहेर येऊन उभं राहावं लागलं.

दोन किमोंच्या मधल्या दिवसांत, अंगात ताकद असली की ती वर्ग घ्यायची. खुर्चीवर बसून. बारावीच्या वर्गात एक मुलगी होती, पॉवरलूमवर काम करणाऱ्याची लेक, फार धीट. तिनं एक दिवस उभं राहून विचारलं, "मॅडम, आप मर जाएंगी क्या?" मी शेजारच्या वर्गातून हे ऐकत होते.

"हां," ताई म्हणाली. "लेकिन कब, यह डॉक्टर को भी नहीं मालूम. तुम्हारी परीक्षा कब है, वह मालूम है. पन्ना निकालो."

किमो संपता संपता इंदूरच्या डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला सांगितली. रक्त मुंबईला गेलं. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. मी गेले तशी म्हणाली, "बस. तुला समजेपर्यंत सांगते. मला कोणाला तरी सांगायचंय."

आमच्या गावात यंत्रमागाची खडखड कानावर पडल्याशिवाय कोणी मोठं होत नाही. तिनं तिथूनच सुरुवात केली. "मागावर धागा तुटतो, आणि कारागीर गाठ मारून जोडतो. तसं आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा रोज तुटतो आणि रोज जोडला जातो. जोडणारे कारागीर वेगवेगळे. तू दोन लक्षात ठेव. एक मोठी तूट जोडतो, दुसरा बारीकसारीक बघतो. मोठ्या कारागिराचा नमुना प्रत्येकाला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. मला आईकडची प्रत बिघडलेली आली. बापाची चांगली होती, म्हणून इतकी वर्षं निभावलं. मग कुठल्याशा पेशीत तीही गेली, आणि गाठ झाली."

"मग आता?"

"आता गोळी. गाठीकडे मोठा कारागीर नाही. ती तगून आहे त्या बारीकवाल्यावर. तो एक एन्झाइम आहे, त्याचं नाव पार्प. ही गोळी त्याचे हात बांधते. मग धागा तुटत जातो, जोडायला कोणी नाही, आणि ती पेशी मरते."

"आणि तुझ्या बाकीच्या अंगाचं?"

"बाकीच्या पेशींत बापाची प्रत अजून आहे ना. त्रास होईल, पण तगतील." तिनं रिपोर्टची घडी घातली. "ज्या खोटीनं आजार दिला, त्याच खोटीवर औषध चालतं. खोट नसती तर ही गोळी माझ्यावर इतकी चाललीही नसती."

गोळ्या महाग होत्या. त्यासाठी तिनं घर बांधायला घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. ते ती मला एका वाक्यात बोलली आणि विषय बदलला. तिच्या मनात दुसरंच होतं.

"आईकडून ही प्रत मला आली, तशी भास्करलाही आलेली असू शकते. येण्या-न येण्याची शक्यता सारखीच. त्याच्यात असेल तर पूनमला धोका. त्याच्यात नसेल तर पूनम सुटली."

पूनम म्हणजे भास्करची एकुलती मुलगी. तिचं लग्न तेव्हा रावेरकडच्या एका घरी जमत आलं होतं.

आम्ही जसोंडीला गेलो तेव्हा केळीची कापणी चालली होती. बांधावर ट्रक उभा, त्यात घड रचत होते. भास्करभाऊ विळा हातात घेऊन आला. बहिणीसाठी त्यानं स्वतः बाज टाकली, पाणी आणलं. तिनं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याहून सोपं करून. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"आक्का, तू शिकलेली. पण हे घरात बोलायचं नही."

"घरात नको बोलू. तू एकटा इंदूरला चल, रक्त दे. कोणाला कळणार नाही."

"आन् असलं तर?"

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"असलं तर सोयरे काय म्हणतील? घराण्यात रोग आहे. पोरीला कोण करील?"

"भास्कर, ती उद्या आजारी पडली तर सोयरे काय म्हणतील?"

"बायांचा रोग आहे तो! माह्यात कुठून येईल?"

"आईतून. माझ्यात आला तसाच."

त्यानं विळा बांधावर फेकला. ट्रकजवळची माणसं वळून बघू लागली. "आईला मधी आणू नको," तो म्हणाला. "लगनाला ये. पण हे बोलणं घेऊन येऊ नको."

परतताना मी तिला म्हटलं, "पूनमला सरळ सांग ना. सज्ञान आहे ती."

"बापाला ओलांडून सांगितलं तर ती आधी माझ्याकडे बघेल, मग बापाकडे, आणि कोणाचंच ऐकणार नाही. तिशी यायचीय अजून तिला. वेळ आहे. माझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे."

मला ते पटलं नाही. तिलाही पूर्ण पटलं नसावं. लग्नाला ती गेली, मागच्या रांगेत बसली, पूनमच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, भरीत-पुरी खाल्ली आणि परत आली. भास्कर तिच्याशी जेवण झालं का, एवढंच बोलला. पुढे तो येईनासा झाला. दिवाळीला पूनमकडून फराळाचा डबा यायचा, भाऊबीजेला भाऊ यायचा नाही.

गोळीनं काम केलं. दोन वर्षांहून जास्त काळ तिच्या रक्तातला गाठीचा आकडा खाली राहिला. पण गोळीनं रक्तही खाली आणलं. तीन-चारदा रक्त चढवावं लागलं. सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत मळमळ. सायकल सुटली. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना प्रश्न विचारायची, म्हणजे दम लागल्यामुळे बसली आहे असं वाटू नये. आमच्या संविलियनचा आदेश आला तेव्हा स्टाफरूममध्ये मावा जलेबी वाटली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"कशी आहे?" कोणीतरी विचारलं.

"चांगली असणार," ती म्हणाली. "मला लोखंडासारखी लागते."

मग आकडा चढू लागला. आधी थोडा, मग झपाट्यानं. इंदूरहून आल्यावर तिनं मला बोलावलं आणि पुन्हा समजावून सांगितलं. गोळी चालेनाशी का झाली, ते. "डॉक्टर म्हणतात, खात्री नाही, पण असं होतं. त्या बिघडलेल्या प्रतीत अजून एक बदल होतो आणि ती परत चालू लागते. गाठीला तिचा मोठा कारागीर परत मिळाला. आता त्या बारीकवाल्याचे हात बांधून काय उपयोग?" मग म्हणाली, "हुशार आहे मेली."

मला रडू आवरेना. ती चिडली. "रडतेस काय? समजलं का, ते सांग."

समजलं होतं. तेच तर झालं होतं.

पुन्हा किमो दिली. या वेळी ती अर्ध्यातच थांबवावी लागली. पोटात पाणी भरू लागलं. काढलं की पुन्हा भरायचं. हातपाय काटकीसारखे आणि पोट तेवढं वर आलेलं. एका दुपारी मी तिच्या खोलीत पेज भरवत होते, तेव्हा दारात भास्करभाऊ उभा दिसला. कोणी कळवलं कोण जाणे. चपला काढायचंही त्याला सुचत नव्हतं. तो नुसता तिच्या पोटाकडे बघत होता.

"ये," ती म्हणाली. "बस."

तो खाली जमिनीवर बसला. मग तो म्हणाला, "आईचं असंच झालं होतं."

"हो."

"मी तिच्या पोटावर डोकं ठेवायला जायचो. टणक लागायचं. ती मला ढकलून द्यायची. ओरडायची." तो फरशीवर बोट फिरवत होता. "मला वाटायचं, माह्यावर रागावली. ती गेली तरी मला वाटत होतं, रागावूनच गेली."

ताईनं हात लांबवला. त्याच्या डोक्यापर्यंत तो पोचेना, तेव्हा तो सरकून जवळ आला. "रागावली नव्हती रे. दुखायचं तिला. हात लावला की दुखतं. मला आता कळतं."

पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस लहान पोरासारखा रडला. मी भांडं घेऊन मोरीकडे गेले. परत आले तेव्हा तो विचारत होता, "रक्त कुठं द्यायचं?"

त्याच आठवड्यात त्यानं रक्त दिलं आणि बहिणीला जसोंडीला नेलं. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. तो आल्यावर तिच्या बाजेशी बसून भास्कर म्हणाला, "आक्का, माह्यात बी आहे." ताई एवढंच म्हणाली, "मग पूनमला आता तू सांग. मी नाही." आणि त्यानं सांगितलं. जावयालाही बोलावून घेतलं, दोघांना समोर बसवलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पूनमच्या मांडीवर तेव्हा तिची तान्ही मुलगी होती. पूनमचं रक्तही तपासणीला गेलं.

पुढचं आधी सांगून टाकते. पूनमचा रिपोर्ट आला तो कुसुमताई गेल्यावर. तिच्यातही ते आहे. सासू काही दिवस तिला माहेरी पाठवायच्या गोष्टी बोलत होती, पण नवरा ठाम राहिला. दर वर्षी पूनम तपासण्यांना इंदूरला जाते. आणखी एक मूल झालं की ओव्हरी काढून टाकायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिच्या मुलीचं काय, ते ती मोठी झाल्यावर कळेल. परवा बाजारात पूनम मला भेटली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, आत्याला सगळं माहीत होतं. लग्नाआधी माहीत होतं. तिनं मला का नाही सांगितलं?" मी तिला बांधावरची ती दुपार सांगितली, बाप काय म्हणाला ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "तरी पण," ती म्हणाली. आणि पिशवी उचलून चालू लागली.

मी कुसुमताईला शेवटची पाहिली ती जसोंडीला, थंडीत, सकाळी. बोलायची ताकद फारशी नव्हती. शाळेत आता जीवशास्त्र कोण शिकवतं विचारलं. मी सांगितलं, अजून कोणी आलेलं नाही. तिनं नापसंतीनं ओठ मुडपले. पूनमचा रिपोर्ट आला का, हेही विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "आला की भास्करला एकट्याला वाचू देऊ नको. तू जवळ राहा." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी उठले.

रिक्षा अंगणाबाहेर उभी होती. मी बसले आणि मागे वळून बघितलं, तर भास्करभाऊ तिला आतून उन्हात आणत होता. दोन्ही हातांवर उचलून, जपून, एकेक पाऊल टाकत. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि पाय खाली लोंबत होते. उंबऱ्याशी तो अडखळला. तिचा आवाज मला रिक्षापर्यंत ऐकू आला. बारीक, पण वर्गातला होता तसाच.

"पाठीखाली धर रे. पोटाला नको."

तो थांबला. हात नीट केला. आणि तिला घेऊन उन्हात तसाच उभा राहिला, अंगणातल्या बाजेवर ठेवायचं जणू त्याला सुचतच नव्हतं.